मुठेच्या पाण्यामागून उजनीपर्यंत

जुलै-ऑगस्टात सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "दौंडचा विसर्ग किती?" पाऊस कोसळत असतो तो तिथून खूप दूर, मुळशीत, मावळात, वेल्ह्यात, भीमाशंकरच्या डोंगरात. पण भीमेचं पाणी दौंडपाशी मोजलं जातं, आणि तिथला आकडा चढला की उजनी भरणार, ऊस जगणार, सोलापूरच्या नळाला पाणी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. उजनीच्या आसपास पाऊस बेताचाच. हे धरण वरून येणाऱ्या पाण्यावरच जगतं.

पावसाळ्यातला हा विसर्ग सगळे मोजतात. मला पाहायचं होतं ते पाऊस संपल्यावर, थंडी ओसरताना वरून काय येतं ते. म्हणून फेब्रुवारीत मी खडकवासल्यापासून मुठेच्या काठाने निघाले आणि पाणी जाईल तिकडे जात राहिले.

खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये बांधून झालं. आज ते पानशेत, वरसगाव आणि टेमघर या वरच्या तीन धरणांतून आलेलं पाणी पुणे शहराला आणि कालव्याला पोचवण्याचं काम करतं. सकाळच्या उन्हात जलाशय निळाशार दिसतो. रविवारी इथल्या चौपाटीवर कणसं आणि कांदाभजी खायला निम्मं शहर लोटतं. पण भिंतीच्या खालच्या अंगाला जाऊन पात्रात डोकावणारे थोडे. तिथे या दिवसांत खडक उघडे पडलेले असतात, मध्येच एखादं डबकं, त्यात एखादा बगळा. धरणाचं पाणी एका बाजूने जलवाहिन्यांतून शहराकडे जातं, दुसऱ्या बाजूने कालव्यातून दौंड-इंदापूरकडे. नदीच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नाही. पावसाळ्याचे महिने सोडले तर मुठा खडकवासल्याला संपते, असंच म्हणायला हवं.

मग शहरात डेक्कनच्या भिडे पुलाखालून वर्षभर वाहतं ते काय? माणशी नळाला जेवढं पाणी येतं त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा अभियंत्यांचा हिशेब असतो. आंघोळीचं, मोरीचं, संडासाचं, धुण्याभांड्यांचं हे पाणी गटारांतून आणि आंबिल ओढ्यासारख्या ओढ्यानाल्यांतून नदीत उतरतं. काही शुद्ध होऊन येतं, काही तसंच. हे ओढे एकेकाळी टेकड्यांवरून येणारे स्वच्छ प्रवाह होते. आता पात्रातलं पाणी म्हणजे त्यांनी आणून सोडलेलं पाणी.

भिडे पुलाच्या कडेला उतरून मी बराच वेळ पाण्याजवळ बसले. पाणी राखाडी, कडेला काळा गाळ. त्या गाळातून दर काही क्षणांनी एक बुडबुडा वर येतो, फुटतो आणि कुजका वास पसरतो. सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. तो संपला की प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं, आणि त्यांच्या कामातून मिथेन आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो बुडबुडा त्याचाच. अशा पाण्यात मासा तग धरू शकत नाही. पुलावरून रहदारी अखंड चालू होती. नदीच्या या अवस्थेची आपल्याला किती सवय झाली आहे याचं मला तिथे फार वाईट वाटलं.

संगम पुलापाशी मुळा येऊन मिळते. तिने दापोडीला पवना घेतलेली असते, आणि पवनेबरोबर पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांचं आणि कारखान्यांचं पाणी. मुळेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिच्या उगमाकडचं पाणी मुळशीच्या धरणात अडवून घाटाखाली कोकणात वीज करायला सोडलं जातं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह उभा केला तेच हे धरण. म्हणजे पूर्वेकडे, भीमेकडे जायचं स्वच्छ पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला जातं, आणि नदीला मिळतं ते शहरांनी वापरून झालेलं.

बंडगार्डनच्या आसपास नदीकाठ सुशोभित करण्याचं काम झालं आहे. फरशा, पायऱ्या, बाकं. संध्याकाळी माणसं फिरायला येतात आणि नाकाला रुमाल लावतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी पाणी, मग काठ. काठाला कितीही दगड लावले तरी पाण्यातला प्राणवायू वाढत नाही.

पाणी सुधारण्यासाठी काही झालं नाही असं नाही. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठा शुद्धीकरणाचा ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ मध्ये मार्गी लागला. ११ नवी केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता. मूळ मुदत जानेवारी २०२२ होती. जागांचं भूसंपादन, निविदा, खर्चाचे फेरअंदाज यांत वर्षं गेली आणि मुदत केव्हाच उलटली. तोवर शहर थांबलं नाही. नवी उपनगरं उभी राहिली, गावं हद्दीत आली, सांडपाणी वाढत गेलं.

मुंढव्याला नदीकाठी एक जॅकवेल आहे. शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी इथून उचलून जुन्या बेबी कालव्यात टाकायचं आणि हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचं, म्हणजे शहर जे जादा पाणी धरणातून घेतं त्याची भरपाई होईल, अशी ही योजना. कल्पना चांगली आहे. पण कालव्याच्या काठावर भेटलेल्या एका शेतकऱ्याने ओंजळभर पाणी उचलून माझ्यासमोर धरलं. पाण्यावर साबणाचा फेस तरंगत होता. "ऊसाला चालतंय हो ताई, ऊस काय नाय म्हणत नाय. पण विहिरीला पण हेच झिरपतंय ना. प्यायला आता जार आणतो." शहर धरणाचं गोड पाणी पितं आणि ज्यांच्या शेतांसाठी तो कालवा काढला ते विकतच्या जारवर आले आहेत. यात कुठला न्याय आहे, याचं उत्तर मला त्याला देता आलं नाही.

थेऊरला चिंतामणीचं देऊळ नदीला लागून आहे. थोरले माधवराव पेशवे अखेरच्या आजारपणात इथेच येऊन राहिले आणि १७७२ मध्ये इथेच वारले. त्यांच्या पत्नी रमाबाईंचं स्मारक नदीकाठी आहे. तिथे उभं राहून नदी पाहिली तर नदी दिसतच नाही, दिसतं ते हिरवंगार कुरण. ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांच्या हौसेपायी आपल्याकडे आणली गेली. अन्न भरपूर मिळालं तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि सांडपाण्यासारखं आयतं अन्न तिला दुसरीकडे कुठे मिळणार? मी एक रोप ओढून काढलं. देठाचा फुगलेला भाग कापला की आत स्पंजासारखी जाळी दिसते, त्यावरच ती तरंगते. खाली काळ्या पिसांसारख्या मुळांचा हातभर झुबका, त्यात अडकलेला गाळ, गोगलगायी, प्लास्टिकची एक पुडी. वरून जाळी घट्ट विणली गेल्याने खाली ऊन पोचत नाही, हवाही नाही. रोपं मरून तळाला बसली की कुजताना उरलासुरला प्राणवायू घेतात. दरवर्षी यंत्रं लावून ती काढतात, काठावर ढीग लावतात, आणि पहिला मोठा पूर आला की उरलेली सगळी खाली वाहून जाते. खाली म्हणजे उजनीत.

पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा तुळापूरला इंद्रायणी घेऊन आलेली असते, आणि इंद्रायणीवर देहू-आळंदीला पांढऱ्या फेसाचे थर दिसल्याच्या बातम्या आपण वाचतोच. दौंडपर्यंत नदी रुंद होत जाते, वास कमी होतो. मन लगेच निर्धास्त होतं, पण वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही. सेंद्रिय घाण जिवाणूंनी वाटेत खाल्ली, इतकंच. त्यातला नत्र आणि स्फुरद पाण्यात तसाच राहतो. साध्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेल्या, दिसायला नितळ पाण्यातही तो बराच शिल्लक असतो. तो वेगळा काढायला आणखी एक टप्पा लागतो, आणि खर्चाचा विषय आला की तोच टप्पा पहिल्यांदा वगळला जातो. उजनीचं सगळं दुखणं या दोन घटकांत आहे.

भिगवणला पोचले तेव्हा सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांत मच्छी थाळीसाठी गाड्या लागल्या होत्या. डिकसळकडे वळलं की ब्रिटिशांच्या काळातला दगडी रेल्वेपूल लागतो. धरण झालं, पाणी मागे सरकत आलं, रेल्वेचा मार्ग हलवावा लागला आणि जुना पूल रस्त्याच्या कामी आला. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. भिंत अडीच किलोमीटर लांब, ४१ दरवाजे, जलाशयाचं नाव यशवंतसागर. पूर्ण भरलं की सुमारे ११७ टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या वर. यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा धरलेलं आहे. त्यामुळे या धरणाची एक गोष्ट बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते: उन्हाळ्यात ते "मायनसमध्ये" जातं. उपयुक्त साठा संपतो आणि मृतसाठ्यातून उपसा सुरू होतो. पळसदेवचं पाण्यात गेलेलं पळसनाथाचं जुनं देऊळ अशा दिवसांत कोरडं होऊन उभं राहतं. लोक ते बघायला जातात. बुडालेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना त्या ओट्यांवर, त्या पायवाटांवर पुन्हा चालता येतं.

कुंभारगावात पहाटे होडीत बसले. होडीवाले मामा पिढीजात मासेमार. हिवाळ्यात पर्यटकांना फिरवतात, एरवी जाळी टाकतात. पूर्वेकडे तांबूस झालं तसे पाण्यावर तरंगणारे काळे ठिपके वारकरी पक्षी झाले, मागचे उंच आकार राखी बगळे. चक्रवाकाची जोडी ओरडत डोक्यावरून गेली. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस गवतात चरत होते, डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट दिसत होते. मामांनी इंजिन बंद केलं. "आता वल्ह्यानंच जाऊ. जवळ गेलं की उडतात, आन् मागचे फोटोवाले म्हणतात उडवा उडवा. मी नाय उडवत. खायाला आलेत ती, उडवून त्यांचं पोट जाळायचं का?"

उथळ पाण्यात रोहितांचा थवा उभा होता. दुर्बिणीतून पाहिलं: मान खाली, चोच उलटी, पाय एका जागी तुडवताहेत. चिखल ढवळून वर येणारे कीटक, शेवाळ, बारीक कवचधारी प्राणी चोचीतल्या गाळणीने गाळून ते खातात. हे रोहित मोठ्या जातीचे, कच्छच्या रणात वीण करणारे. इथे समुद्र नाही, मिठागर नाही, पण पाणी उतरत गेलं की मैलोन्‌मैल उथळ चिखल उघडा पडतो आणि त्यात अन्न असतं. हे अन्न का आहे? कारण धरणाने पाणी पसरवलं आणि शहरांनी त्यात खत ओतलं. आपण ज्या दृश्यासाठी पुण्याहून पहाटे निघतो ते आपल्याच मोरीतल्या पाण्यावर काही अंशी पोसलेलं आहे. पक्षी वाढले म्हणजे पाणी चांगलं, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. चिखल-शेवाळावर जगणारे पक्षी टिकतात. स्वच्छ पाण्यात मासा हेरून सूर मारणाऱ्यांना गढूळ हिरव्या पाण्यात शिकार दिसेनाशी होते. आणि अन्नाचा सुकाळ एका मर्यादेपर्यंतच असतो. त्यापलीकडे प्राणवायू संपतो आणि चिखलातले जीवही मरतात.

ती मर्यादा किती जवळ आली आहे ते मामांच्या जाळ्यात दिसलं. रात्री लावलेलं जाळं त्यांनी माझ्यासमोर ओढलं. वर आल्या त्या चिलापी, चिलापी आणि चिलापीच. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. कमी प्राणवायूत जगतो, मिळेल ते खातो, आणि मादी अंडी व पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतातही जास्त. "आधी मरळ असायची, वाम असायची हातभर. रोहू-कटला तर दहा-दहा किलोचा. आता वाम दिसली तर पोरं फोटो काढत्यात." जाळ्याच्या एका कोपऱ्यात काळपट, खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत घातलेला एक मासा होता. डोक्याच्या खालच्या बाजूला चूषकासारखं तोंड. हा सकर मासा. हौसेने काचेच्या टाकीत आणलेला, मोठा झाला म्हणून कुणीतरी नदीत सोडलेला. याला बाजारात घेणारा नाही, आणि याच्या काट्यांनी जाळं फाटतं. मामा चाकूने एकेक धागा सोडवत बसले. बराच वेळ गेला त्यात, आणि मासा निघाला तेव्हा जाळ्याला पंजाएवढं भोक होतं.

दोष सगळा शहराचाच आहे असं म्हणणं सोपं, पण खोटं ठरेल. इथे बारीक आसाच्या जाळ्यांची "वडाप" मासेमारी बंदी असूनही चालते आणि बोटभर पिल्लं पोत्यांनी जातात. यांत्रिक बोटी लावून वाळू उपसली जाते, महसूल खातं बोटी पकडून उडवून देतं, काही दिवसांनी नव्या येतात. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या तळावर गाळपेर होते. त्या जमिनीवर टाकलेली खतं आणि फवारलेली औषधं पहिल्या पुरात थेट जलाशयात जातात. दोन्ही काठांनी नजर पोचेल तिथवर ऊस आहे, आणि त्याच्या मोटारींचे पाइप पाण्यात उतरलेले आहेत. पाणी मागे हटलं की शेतकरी मोटारी खाली सरकवतात, मग चाऱ्या खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात. हे करणारा माणूस चैन करत नसतो. उसाला निदान हमखास गिऱ्हाईक आहे, दुसऱ्या कुठल्या पिकाला ते नाही. पण पर्जन्यछायेच्या प्रदेशात इतका ऊस कुठलंही धरण पेलू शकत नाही.

भादलवाडीचा तलाव जवळच आहे. त्याच्या पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात. झाडाभोवती पाणी असलं तर कुत्री-मांजरं पोचत नाहीत, म्हणून त्यांना तलाव भरलेला लागतो, आणि पिल्लांसाठी मासे आणायला उजनी. एक जरी बिघडलं तरी वीण फसते.

धरणाच्या भिंतीकडे जाताना एका खाडीत मी उतरले. पाणी पोपटी रंगाचं, वर सायीसारखा थर. काडीने ढवळलं तर रंग काडीला चिकटून आला. नत्र-स्फुरदावर माजणारं हे निळं-हिरवं शेवाळ खरं तर जिवाणूंचा प्रकार आहे. त्याच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात, आणि ते विष पाणी उकळून जात नाही. या जलाशयातून सोलापूर शहराला पाणी जातं, काठच्या कितीतरी गावांना जातं. भिंतीखालून नदीत सोडलेलं पाणी पंढरपूरला चंद्रभागा होतं. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून मुद्दाम पाणी सोडतात. पुण्याहून पालख्यांबरोबर चालत निघालेला माणूस वाळवंटात डुबकी मारतो तेव्हा त्याच्या शहराचं पाणी त्याच्या आधी तिथे पोचलेलं असतं. चंद्रभागा निर्मळ करण्यासाठी २०१६ मध्ये राज्य सरकारने "नमामि चंद्रभागा" जाहीर केलं. पंढरपूरचे घाट झाडून चंद्रभागा निर्मळ होणार नाही. ती पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, देहू-आळंदीत निर्मळ करावी लागेल, आणि स्फुरद काढण्याच्या टप्प्यासकट.

हे अशक्य नाही. तंत्र माहीत आहे, पैसा आहे, शहरं श्रीमंत आहेत. मोठ्या सोसायट्यांना स्वतःची शुद्धीकरण केंद्रं चालवणं बंधनकारक आहे. ती खरंच चालतात का हे रहिवाशांनी पाहिलं तरी फरक पडेल, कारण वीजबिल वाचवायला ती बंद ठेवणाऱ्या सोसायट्या मी स्वतः पाहिल्या आहेत. या हिवाळ्यात भिगवणला जाल तेव्हा होडीवाल्याला थवा उडवायला सांगू नका. आणि परत आल्यावर आपल्या सोसायटीचं केंद्र चालू आहे का ते बघा, आपल्या नगरसेवकाला विचारा की आपल्या प्रभागाचं सांडपाणी कुठल्या केंद्रात जातं आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे काय आहेत. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. सोलापूरची माणसं हेच पाणी पितात.